उसनी गरिबी : एका ब्रिटिश गाण्यातील वर्गभान

मे १९९५ मध्ये शेफील्ड या पोलादनगरीतील ‘पल्प’ या बँडचे ‘कॉमन पीपल’ हे गाणे प्रसिद्ध झाले आणि ब्रिटनच्या विक्रीयादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचले. ठेका धरायला लावणाऱ्या या गाण्याची कथा वरवर हलकीफुलकी वाटते : लंडनच्या सेंट मार्टिन्स महाविद्यालयात शिल्पकला शिकणारी एका धनाढ्य ग्रीक गृहस्थाची मुलगी निवेदकाला सांगते, की तिला सामान्य लोकांसारखे जगून पाहायचे आहे, तोही होकार देतो आणि तिला थेट सुपरमार्केटमध्ये घेऊन जातो. तेथे तो तिला खिशात पैसे नसल्याचे सोंग करायला सांगतो, तेव्हा तिला हसू येते, आणि या जागी दुसरे कोणी हसताना दिसत नाही, हे तो कोरडेपणाने तिच्या लक्षात आणून देतो. प्रेमकथेच्या वाटेने निघालेले गाणे येथे वळण घेते.

पुढे निवेदक तिला जणू धडेच देतो. दुकानाच्या वरची खोली भाड्याने घ्यावी, केस कापावेत, नोकरी धरावी, शाळेचे तोंड न पाहिल्याचा आव आणावा, असे तो सुचवत जातो. ही यादी उपरोधाची आहे, कारण तिच्यातील प्रत्येक गोष्ट पैसेवाल्या माणसाला सहज जमण्यासारखी आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बुर्द्यू यांनी १९७९ च्या आपल्या ग्रंथात ‘सांस्कृतिक भांडवल’ ही कल्पना विस्ताराने मांडली. बोलण्याची ढब, शिक्षण, कलेची जाण यांसारख्या, घरातून आणि शाळेतून मिळणाऱ्या ज्या गोष्टी पैशाप्रमाणेच माणसाला समाजात वरचे स्थान मिळवून देतात, त्यांना ते भांडवल म्हणतात. वरच्या वर्गाची अभिरुची खालच्या माणसाला सहजी आत्मसात करता येत नाही, हे त्यांच्या विवेचनातून दिसते. गाणे मात्र उलट्या दिशेचा प्रवास दाखवते आणि खालच्या वर्गाची राहणी वरच्याला हवी तेव्हा अंगावर चढवता येते, याकडे बोट दाखवते.

मग फरक उरतो कशात? गाण्याने दिलेले उत्तर एका क्षुद्र तपशिलात आहे. रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या भिंतीवर झुरळे चढताना दिसली, तरी ही मुलगी वडिलांना एक फोन करून सारे थांबवू शकते. झुरळे दोघांच्याही भिंतीवर तीच असतील, पण एकीसाठी तो अनुभव आहे आणि दुसऱ्यासाठी परिस्थिती, आणि वर्ग म्हणजे आजची मिळकत किंवा राहणी नव्हे, तर परतीची वाट असणे किंवा नसणे, हा गाण्याचा खरा सिद्धान्त आहे. वर्गावरच्या कित्येक जाडजूड ग्रंथांना ही गोष्ट इतक्या थोडक्यात सांगता आलेली नाही.

चालही हेच सांगते. आरंभी गायक जार्व्हिस कॉकर जवळजवळ गप्पा मारल्यासारखा गातो. मग लय वाढत जाते आणि शेवटी आवाज ओरडण्याच्या टोकाला पोहोचतो. रेडिओसाठी गाणे छोटे करताना नेमके एक कडवे गाळले गेले, ज्यात गरिबांना कोपऱ्यात पडलेल्या, इशारा न देता चावणाऱ्या कुत्र्याची उपमा आहे. त्यामुळे केवळ रेडिओवर गाणे ऐकणाऱ्याला थट्टा तेवढी कळली, धमकी ऐकूच आली नाही.

तो काळही असा होता, की ब्रिटनमध्ये कामगारी राहणीला फॅशनची झळाळी आली होती, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लर’ व ‘ओएसिस’ या बँडांमधील चुरशीला वृत्तपत्रांनी दक्षिणेचा मध्यमवर्ग विरुद्ध उत्तरेचा कामगारवर्ग असा रंग दिला. कॉकरचे गाणे या कौतुकात सामील होत नाही. मात्र त्याचा निवेदकही पूर्णपणे ‘त्या’ लोकांतला नाही. तो कलाशाखेच्या वर्तुळात वावरतो, आणि त्याच्या रागात स्वतः वर चढत असल्याची अस्वस्थता मिसळलेली जाणवते. कॉकर स्वतः १९८८ मध्ये सेंट मार्टिन्समध्ये चित्रपटकला शिकायला गेला, तेव्हा ब्रिटिश विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क भरावे लागत नसे आणि कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना निर्वाह-अनुदान मिळे. ग्रीक धनिकाची मुलगी आणि शेफील्डचा मुलगा एकाच महाविद्यालयात भेटण्यामागे ही सरकारी व्यवस्थाही होती. १९९८ पासून विद्यापीठांत शुल्क आले आणि पुढे अनुदानाची जागा कर्जाने घेतली.