बिनसरपणाची ऊब

लडाखांतील लेह हें शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ११,५०० फूट उंचीवर वसलेलें आहे. तेथें हिवाळ्यांत रात्रीं उष्णतामान शून्याखालीं २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरतें, व शेतीचा हंगाम उन्हाळ्याच्या चार-पांच महिन्यांतच आटोपतो. झाडें विरळ असल्यामुळें सरपण दुर्मिळ. अशा ठिकाणीं भाजीच्या वाफ्यापाशीं शेगडी पेटविणें लहान शेतकऱ्यास कसें परवडावें? तरीही तेथील अनेक खेड्यांत आतां भर माघांत ताजा पालक निघतो. हें कसें साधतें, तें आम्ही थोडक्यांत सांगतों.

तेथें रोपांसाठीं जें उबदार घर बांधतात, त्याची लांबी पूर्व-पश्चिम असते. उत्तर, पूर्व व पश्चिम ह्या बाजूंस कच्च्या विटांच्या दुहेरी भिंती असून मधल्या पोकळींत गवत किंवा भुसा भरतात. दक्षिणेची उतरती बाजू मात्र पारदर्शक प्लास्टिकची असते. २१ डिसेंबरच्या सुमारास लेह येथें सूर्य मध्यान्हींही क्षितिजापासून सुमारें ३२ अंशच वर येतो. त्यामुळें त्याचे तिरपे किरण थेट आंत शिरून उत्तरेच्या भिंतीवर पडतात. तिला आंतून काळा रंग दिलेला असतो. ती दिवसभर ऊन शोषते व रात्रीं तीच ऊब हळूहळू परत देते. आपल्याकडे वैशाखांत पश्चिमेच्या भिंतीस रात्रीं हात लावून पाहावा. जी ऊब येथें आपली झोंप मोडते, तीच तेथें रोपांस वांचविते.

परंतु ही ऊब पातळ प्लास्टिकमधून निसटण्यास वेळ लागत नाहीं. म्हणून सूर्यास्त होतांच त्यावर जाड कापड ओढतात, व सकाळीं ऊन येतांच तें काढतात. दुपारीं झरोके उघडून दमट हवा बाहेर सोडावी लागते. नाहीं तर पानांवर बुरशी धरते. ह्या कामांत आळस करून चालत नाहीं.

इतकें करूनही ऐन थंडींत टोमॅटो पिकत नाहींत. पालक, कोथिंबीर अशा पालेभाज्याच तग धरतात. पण जेथें पूर्वीं हिवाळाभर वाळविलेल्या भाज्यांवर व पुरून ठेवलेल्या कंदमुळांवर दिवस काढावे लागत, तेथें ताज्या पाल्याचें मोल आयांसच विचारावें.

ऊब विकत आणण्यापूर्वीं मिळालेली राखावी, हा ह्या बागेचा धडा होय. ज्या विद्यार्थ्यांस उष्णतेचे नियम रुक्ष वाटतात, त्यांनीं एवढें ध्यानीं ठेवावें कीं, त्याच नियमांच्या आधारें दूरच्या एका गरीब घरीं माघांतल्या ताटांत हिरवें पान पडतें.