पडद्यावरील भीति व तिचे कारागीर

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटतांना इयत्ता आठवींतील एका विद्यार्थ्याचे वडील मला भेटावयास आले. गृहस्थ मोठे शांत स्वभावाचे; परंतु त्या दिवशीं त्यांच्या चेहऱ्यावर काळजी स्पष्ट दिसत होती. सुटीच्या दिवशीं मुलानें घरींच मोबाइलवर एक भुताचा चित्रपट पाहिला होता, आणि त्याची पांच वर्षांची धाकटी बहीणही शेजारीं बसून तो पाहत होती. तेव्हांपासून मुलगा रात्रीं एकटा परसांत जाईना. धाकटी तर झोपेंतून दचकून उठूं लागली. "सर, असले चित्रपट पाहूं नका, असें आपण वर्गांत मुलांस एकदां निक्षून सांगा," असें त्यांचें म्हणणें होतें.

मीं दोन्ही मुलांस माझ्या घरीं बोलावून घेतलें व पडद्यावरचें भूत कशाचें बनविलेलें असतें तें समजावून सांगितलें. मुलगा लक्ष देऊन ऐकत होता. घरीं जातांना तो हंसतही होता. धाकटीवर मात्र माझ्या बोलण्याचा कांहींएक परिणाम झाला नाहीं. रंग, मुखवटे, यंत्रें यांविषयीं मी बोलत असतांना तिनें भावाचा सदरा घट्ट धरून ठेवला होता, आणि त्या रात्रीं ती पुन्हां उठून रडलीच. एकच औषध एकास लागू पडावें व दुसऱ्यास पडूं नये, याचें कारण काय? या प्रश्नाचा विचार करतां करतां जें कांहीं हातीं लागलें, तें विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपण कोणत्या चित्रपटांविषयीं बोलत आहों, हें स्पष्ट केलें पाहिजे. भयपट म्हणजे प्रेक्षकाला भिवविण्याच्या उद्देशानेंच रचलेला चित्रपट. साहसपट म्हणजे धाडसाच्या उड्या, पाठलाग व हाणामारी यांवर उभा राहिलेला चित्रपट. जुन्या पिढीचे लोक यालाच 'स्टंटपट' म्हणत. तिसरा एक प्रकार हल्लीं 'कल्ट' या नांवानें ओळखला जातो. असा चित्रपट बहुधा प्रथम फारसा चालत नाहीं, किंवा जाणते लोक त्याला नाक मुरडतात. परंतु थोड्या निष्ठावंत रसिकांचा त्याच्याभोंवतीं जणूं एक संप्रदायच तयार होतो, आणि ते लोक तो चित्रपट वर्षानुवर्षें पुन्हां पुन्हां पाहतात. भयपट व साहसपट यांपैकीं पुष्कळांच्या नशिबीं हाच प्रवास आलेला आहे.

चित्रपट आणि भीति यांची सोबत फार जुनी आहे. फ्रान्समधील लूमिएर बंधूंचा स्थानकांत शिरणाऱ्या आगगाडीचा लहानसा चित्रपट पाहून पॅरिसमधील प्रेक्षक उठून पळाले, अशी एक दंतकथा सांगतात. तिला समकालीन पुरावा सांपडत नाहीं. पण ती सव्वाशें वर्षें टिकून राहिली, यावरूनच चित्रपटाकडून लोकांची काय अपेक्षा होती तें कळतें. याच बंधूंच्या चित्रपटांचा खेळ मुंबईंत वॉटसन हॉटेलमध्यें ७ जुलै १८९६ रोजीं झाला. तिकिटाचा दर एक रुपया होता. हिंदुस्थानांत चित्रपटानें पाऊल ठेविलें तें त्या दिवशीं.

आतां भीति वाटते म्हणजे नेमकें काय होतें, तें पाहूं. आपल्या मेंदूंत आंतल्या बाजूस बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्यास अमिग्डला म्हणतात. संकटाची नुसती चाहूल लागतांच तो सर्व शरीरास इशारा देतो. मूत्रपिंडांच्या वर असलेल्या ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन नांवाचें द्रव्य रक्तांत उतरतें. छाती धडधडूं लागते, स्नायू ताठतात, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. शरीर पळावयास किंवा झुंजावयास सिद्ध होतें. हें सारें इतक्या त्वरेनें घडतें कीं, 'हें तर नुसतें चित्र आहे' हा विचार मागाहून येतो. तो विचार आला म्हणजे मन सुटकेचा श्वास टाकतें. परंतु शरीरांतील उत्तेजना लगेच ओसरत नाहीं, व त्यामुळें सुटकेचा आनंद दुणावतो. जत्रेंतील उंच पाळण्यांत बसलेला मुलगा खालीं येतांना डोळे गच्च मिटतो व उतरल्यावर पुन्हां तिकीट काढावयास धांवतो, त्याचें रहस्य हेंच. भीतीची मौज वाटण्यास एक अट मात्र आवश्यक आहे: आपण सुरक्षित आहों ही जाणीव कोठें तरी जागी असली पाहिजे. ती जाणीव नसेल तर जें उरतें ती निव्वळ भीति. तींत मौज नाहीं.

भयपट रचणारे कारागीर या यंत्रणेचा कसा उपयोग करितात, याचीं तीन उदाहरणें देतों.

पहिलें उदाहरण जर्मनींतील. १९२२ सालीं मुर्नाऊ या दिग्दर्शकाचा 'नोस्फेराटू' हा मूकपट प्रसिद्ध झाला. त्यांत रक्तपिपासु सरदार जिना चढून येतो, तो प्रसंग विख्यात आहे. त्या वेळीं पडद्यावर सरदार दिसत नाहीं. भिंतीवरून त्याची सावली तेवढी वर सरकते, लांब बोटें पसरतात, व आपल्या अंगावर कांटा उभा राहतो. येथें ना कोणतें मोठें यंत्र आहे, ना मोठा खर्च. एक दिवा, एक भिंत आणि एक माणूस, एवढ्या सामग्रीवर हा प्रसंग उभा आहे.

दुसरें उदाहरण अमेरिकेंतील. १९३३ सालच्या 'किंग काँग' या बोलपटांत एक प्रचंड वानर न्यूयॉर्क शहरांतील सर्वांत उंच इमारतीवर चढतें. तें वानर प्रत्यक्षांत सुमारें दीड फूट उंचीची बाहुली होती. आंत धातूचा सांगाडा, त्यावर रबर, व वर सशाची कातडी. विलिस ओब्रायन या कारागिरानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं ती बाहुली किंचित् हलवावी, एक चित्र घ्यावें. पुन्हां किंचित् हलवावी, पुन्हां एक चित्र घ्यावें. बोलपटांत एका सेकंदास २४ चित्रें लागतात. म्हणजे एका मिनिटास १,४४० वेळां हाच उद्योग! चित्रपट बारकाईनें पाहिला असतां वानराची लव उगाच सळसळतांना दिसते. ती वाऱ्यानें हललेली नाहीं. बाहुली हलवितांना कारागिरांचीं बोटें जेथें जेथें लागलीं, त्यांच्या त्या खुणा आहेत. वानराची डरकाळी बनवितांना सिंह व वाघ यांच्या आवाजांचें मुद्रण मंद गतीनें व उलट फिरवून त्यांचा मेळ घातला होता.

तिसरें उदाहरण अपयशांतून निघालेल्या युक्तीचें. १९७५ सालच्या 'जॉज' या चित्रपटासाठीं एक भला मोठा यांत्रिक शार्क मासा (कोंकणांत ज्यास मुशी म्हणतात तो) बनविला होता. समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत उतरवितांच तो वारंवार बिघडूं लागला. तेव्हां दिग्दर्शक स्पिलबर्ग यांनीं मासा दाखविण्याचें बहुतेक टाळलें, आणि त्याच्या जागीं पाण्याचा पृष्ठभाग, बुडणारीं पिंपें व जॉन विल्यम्स यांनीं रचलेले दोनच स्वरांचें वाढत जाणारें संगीत यांवर काम भागविलें. मासा नीट दिसतो तो चित्रपट सुरू होऊन तासाहून अधिक वेळ लोटल्यावर. परंतु न दिसणाऱ्या माशाचें भय दिसणाऱ्या माशाहून अधिक ठरलें. डोळ्यांपुढें जें नाहीं तें मन स्वतः रंगवितें, आणि मनाइतका भयंकर चितारी दुसरा नाहीं. जिज्ञासु विद्यार्थ्यानें एखादा भयपट क्षणभर आवाज बंद करून पहावा. भीतीचा केवढा मोठा भाग कानांवाटें येतो, हें त्याच्या तत्काळ ध्यानांत येईल.

साहसपटांचा न्याय याहून थोडा निराळा आहे. भयपटांतील भूत खोटें असतें. साहसपटांतील उडी मात्र पूर्वीं पुष्कळ वेळां खरी असे. १९२८ सालच्या एका मूकपटांत बस्टर कीटन या विनोदी नटाच्या अंगावर दुमजली घराची संपूर्ण दर्शनी भिंत कोसळते, व तो माडीच्या उघड्या खिडकीच्या जागीं नेमका उभा असल्यामुळें वांचतो. ती भिंत खरोखरीच जड होती, व उभें राहण्याची जागा इंचांच्या हिशेबानें आंखलेली होती. तो पाऊलभर जरी सरकला असता, तरी जीव गमावून बसता.

आपल्या मुंबईंतही या धाडसाची थोर परंपरा आहे. १९३५ सालीं वाडिया मूव्हिटोन या संस्थेनें होमी वाडिया यांच्या दिग्दर्शनाखालीं 'हंटरवाली' हा बोलपट काढला. त्यांत मुखवटा चढवून व हातांत चाबूक घेऊन दुष्टांस शासन करणारी राजकन्या झालेली नटी म्हणजे नादिया. तिचें मूळ नांव मेरी अॅन एव्हन्स. जन्म १९०८ सालीं ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहरीं. लहानपणींच ती हिंदुस्थानांत आली, सर्कशींत व नाचाच्या खेळांत तयार झाली, आणि पुढें धांवत्या आगगाडीच्या टपावर पुरुषांशीं दोन हात करूं लागली. तिचीं धाडसें तीच करीत असे. नायिका म्हणजे रडणारी व सोसणारी, अशी समजूत रूढ असतांना एका स्त्रीनें गुंडास डोक्यावर उचलून फेकावें, हें पाहून साध्यासुध्या प्रेक्षकांनीं चित्रगृहें दणाणून सोडलीं. सुशिक्षितांनीं मात्र हे खेळ हलके म्हणून बाजूस सारले. नादियाचें देहावसान १९९६ सालीं मुंबईंतच झालें. तत्पूर्वीं १९९३ सालीं वाडिया कुटुंबांतील रियाद वाडिया यांनीं तिच्यावर माहितीपट काढला, आणि 'हलक्या' खेळांतील ती नटी अभ्यासाचा विषय झाली.

येथें विद्यार्थ्यांस एक गोष्ट बजावून सांगितली पाहिजे. कीटन व नादिया यांच्या उडीमागें कित्येक वर्षांची तालीम, मोजमाप व साथीदारांची देखरेख होती. हल्लींच्या चित्रपटांत तर अंगास बांधलेल्या तारा, खालीं अंथरलेल्या गाद्या व संगणकाची करामत असते, आणि तीं सर्व पुसून मग चित्र आपणांपुढें येतें. जें पुसलें गेलें तें न पाहतां जो गच्चीवरून उडी घेतो, त्याची नक्कल अर्धवट असते. आणि अर्धवट नक्कल हात-पाय मोडते.

आतां 'कल्ट' चित्रपटांविषयीं थोडें. वर सांगितलेला 'नोस्फेराटू' हा ब्रॅम स्टोकर यांच्या १८९७ सालच्या 'ड्रॅक्युला' या कादंबरीवरून परवानगीवांचून रचलेला होता. लेखकाच्या विधवा पत्नीनें दावा लावला, व न्यायालयानें चित्रपटाच्या सर्व प्रती नष्ट करण्याचा हुकूम केला. कांहीं प्रती तेवढ्या बचावल्या. त्यांवरून तो आजही पाहिला जातो. आपल्याकडील उदाहरण 'तुंबाड' याचें. राही अनिल बर्वे यांनीं दिग्दर्शित केलेला हा हिंदी भयपट २०१८ सालीं प्रदर्शित झाला. त्याचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून सुचलेलें, व कथेच्या मुळाशीं नारायण धारप यांच्या कथेची प्रेरणा. संततधार पाऊस, जुना वाडा, आणि पिढ्यान् पिढ्या न भागणारा सोन्याचा लोभ. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळीं त्यास बेताचेंच यश मिळालें. परंतु पाहणाऱ्यांनीं दुसऱ्यांस सांगितलें, त्यांनीं तिसऱ्यांस, आणि २०२४ सालीं तो पुन्हां चित्रगृहांत आला तेव्हां पहिल्यापेक्षांही अधिक कमाई करून गेला. तो लहान मुलांसाठीं नाहीं, हें खरें; पण त्यांतील खरा राक्षस लोभ आहे, हें ज्यास उमगलें तो मोठा प्रेक्षक नुसता भिऊन परतत नाहीं. टिकणाऱ्या व न टिकणाऱ्या भयपटांतील भेद मला येथें दिसतो. नुसता दचका दिवा लागतांच संपतो. त्या दचक्यामागें माणसाविषयीं कांहीं खरें सांगितलेलें असेल, तर तें मनांत राहतें.

आतां त्या भावंडांकडे वळूं. मुलें कशास भितात याचा मानसशास्त्रज्ञांनीं बराच अभ्यास केला आहे. सुमारें सात-आठ वर्षांच्या आंतील मूल मुख्यतः रूपास भितें. विद्रूप दिसणारा प्राणी कितीही सज्जन असला तरी त्यास तो भयंकरच वाटतो. 'हें खोटें आहे' हे शब्द त्यास कळतात; पण त्या शब्दांचा आधार घेऊन भीति आवरण्याची शक्ति अजून आलेली नसते. त्यास कुशींत घेणें, दिवा ठेवणें, आवडतें खेळणें हातीं देणें, हेच उपाय लागू पडतात. मोठा मुलगा मात्र खरोखर घडूं शकेल अशा गोष्टींस अधिक भितो, आणि त्यास समजावून सांगितल्याचा उपयोग होतो. माझें चुकलें तें एवढेंच कीं, आठवींतील मुलाचें औषध मीं पांच वर्षांच्या मुलीस पाजलें. तिच्या आजीनें यांतलें कांहींएक वाचलेलें नव्हतें. तिनें नातीला आपल्या अंथरुणांत घेतलें, आठ दिवस दिवा जळत ठेविला, व भुताचें नांवही काढलें नाहीं. मुलगी पूर्ववत् झोपूं लागली.

पालकांस एवढीच विनंती कीं, प्रमाणपत्राकडे पाहण्याची संवय ठेवावी. आपल्या देशांत 'यू' म्हणजे सर्वांसाठीं व 'ए' म्हणजे केवळ प्रौढांसाठीं. मधल्या 'यूए' वर्गाचे २०२४ सालापासून ७, १३ व १६ वर्षें असे तीन टप्पे केलेले आहेत. चित्रगृहाच्या दारावर अडविणारा माणूस असतो. मोबाइलच्या दारावर तो नसतो. तें काम घरच्या वडील माणसांसच करावें लागेल. आणि मोठ्या भावंडांनीं हें विसरूं नये कीं, आपणांस जी मौज वाटते ती शेजारीं बसलेल्या धाकट्यास वाटतेच असें नाहीं.

त्या गृहस्थांनीं सांगितल्याप्रमाणें 'पाहूं नका' असें मीं वर्गांत सांगितलें नाहीं. त्याऐवजीं एके दिवशीं खिडक्या लावून घेतल्या, विजेरी पेटविली व त्यांच्याच मुलास भिंतीपुढें उभें केलें. त्यानें बोटें पसरलीं. भिंतीवर हातभर लांबीचा पंजा उमटला. मागच्या बांकावरचे दोघे दचकले, आणि सगळा वर्ग हंसूं लागला. तास संपल्यावर तो माझ्याकडे आला व म्हणाला, "सर, हें बहिणीला आतांच दाखवूं नये ना?" मीं म्हटलें, "नको. दोन-तीन वर्षें थांब." त्यानें मान डोलाविली, व विजेरी माझ्या हातीं दिली.