ईश्वरसान्निध्याचा अभ्यास

देव सर्वत्र आहे, हे वाक्य आपल्या शाळेतील लहान मूलही बिनचूक म्हणून दाखवील. परंतु जे ओठांवर आहे ते दिवसभर अंतःकरणात कसे टिकावे, हा प्रश्न थोरांसही सुटलेला असतोच असे नाही. सकाळची प्रार्थना संपते, पवित्र शास्त्र मिटले जाते, आणि जणू देवास तेथेच ठेवून आपण वर्गात, बाजारात किंवा स्वयंपाकघरात जातो. प्रार्थनेच्या वेळचा देव आणि कामाच्या वेळचा देव हे दोन नव्हेत, हे स्पष्ट करण्याकरिता आम्ही येथे एका स्वयंपाक्याचे उदाहरण घेत आहो.

निकोलस हर्मन याचा जन्म सुमारे १६१४ साली लोरेन प्रांतात एका गरीब कुटुंबात झाला. तरुणपणी तो शिपाई होता. युद्धात जखमी होऊन तो कायमचा लंगडा झाला. १६४० साली पॅरिस येथील कार्मेली मठात तो दाखल झाला व तेथे त्यास लॉरेन्स हे नाव मिळाले. विद्वत्ता नसल्यामुळे त्याच्या वाट्यास मुदपाकखाना आला. या कामाचा त्यास स्वभावतःच तिटकारा होता. तरी सुमारे १५ वर्षे त्याने ते आनंदाने केले. पुढे तो मठातील पादत्राणे दुरुस्त करीत असे. १६९१ साली तो मरण पावल्यावर त्याची संभाषणे व पत्रे जोसेफ द बोफोर या धर्मगुरूने प्रसिद्ध केली, म्हणून आज आपणांस त्याची ओळख आहे.

या साध्या मनुष्याचे म्हणणे असे होते की, गुडघे टेकून प्रार्थना करताना देव जितका जवळ असतो, तितकाच तो भांड्यांच्या खडखडाटातही असतो. तव्यावरचे अंडे उलटावयाचे तर तेही देवावरील प्रीतीने उलटावे. काम बदलण्याची आवश्यकता नाही. ते कोणासाठी करावयाचे, एवढेच बदलावयाचे.

ही स्थिती त्यास एका दिवसात लाभली नाही. आपला नाश ठरलेलाच आहे, या भयाने तो चार वर्षे ग्रासला होता. अखेरीस त्याने निश्चय केला की, आपले पुढे काहीही होवो, आपण देवावर प्रीती करण्याकरिताच जगावे. तेव्हापासून त्याचे मन हलके झाले.

येथे पालकांस एक विनंती करावीशी वाटते. मूल खोड्या करू लागले की, 'देव पाहत आहे हं!' असे आपण म्हणतो. हे खरे आहे. परंतु ते केवळ धाक घालण्याकरिता म्हटले, तर मुलाच्या मनात देव म्हणजे हातात छडी घेऊन दाराआड उभा असलेला शिपाई होऊन बसतो, आणि अशा देवापासून मूल लपू लागते. प्रभु येशूने तर देवास पिता म्हणावयास शिकविले. त्याची दृष्टी अपराध पाहते, तसेच अश्रूही पाहते, हेही मुलांस सांगितले पाहिजे.

विद्यार्थी विचारतील, देवाचे चिंतन करीत बसलो तर गणित कसे सुटावे? आई शेजारच्या खोलीत आहे, हे ठाऊक असलेले मूल निर्धास्त अभ्यास करते. ते घटकोघटकी उठून तिला पाहत नाही. अडले म्हणजे मात्र हाक मारते. नहेम्याची गोष्ट आठवा. राजाने प्रश्न केला, आणि उत्तर देण्यापूर्वीच्या त्या क्षणभरात त्याने मनातल्या मनात प्रार्थना केली. राजाचे काम खोळंबले नाही आणि प्रार्थनाही राहिली नाही.

म्हणून कामास आरंभ करताना देवास एक शब्द बोलावा. मध्ये मन भटकले तर त्रागा न करता ते हळूच परत आणावे. चूक झाली तर सरळ कबूल करून क्षमा मागावी व पुन्हा कामास लागावे. लॉरेन्स असेच करी. काम संपल्यावर आभार मानावेत.

मराठीत अभ्यास या शब्दाचे दोन अर्थ आहेत: विद्या शिकणे, आणि एखादी गोष्ट पुनःपुन्हा करून अंगवळणी पाडणे. ईश्वरसान्निध्याचा अभ्यास हा दुसऱ्या प्रकारचा होय. त्याची परीक्षा उपासनामंदिरात होत नाही. शेजाऱ्याची उत्तरपत्रिका सहज दिसत असता, चेंडू बॅटीस लागल्याचे पंचास कळले नसता, किंवा गरीब सोबत्याच्या फाटक्या सदऱ्यास सर्व जण हसत असता ती होते. त्या वेळी भयाने नव्हे, तर जवळ असलेल्या पित्याचे मन दुखवू नये म्हणून ज्याचा हात आवरतो व ज्याची जीभ थांबते, त्यास हा अभ्यास साधू लागला असे समजावे. असे विद्यार्थी या शाळेतून बाहेर पडोत, हीच आमची प्रभुचरणी प्रार्थना आहे.