मुंबईची गाडी सुटेपर्यंत

पहाटे साडेचार, परतवाडा

ऑगस्टात माझा दिवस वायपरच्या रबरापासून सुरू होतो. मग ब्रेक, धुक्यातले पिवळे दिवे, टायरची हवा. डिकीत छत्र्या, कोरडे टॉवेल, पाण्याचा कॅन आणि एक लाकडी पेटी. पेटीत दगड आहेत. मेळघाटच्या जंगलातून दगड उचलायचा नसतो, पाहुण्यांनाही मी उचलू देत नाही. हे आमच्या विहिरीच्या खोदकामात निघालेले.

सात, अमरावती

मुंबईहून रात्री निघालेली अमरावती एक्सप्रेस सकाळी इथं येते आणि संध्याकाळी परत मुंबईलाच निघते. मधला दिवस माझा. आइसलँडमध्ये अकुरेरीच्या बंदरात जहाज लागलं, की उतारू गाडी करून ज्वालामुखीची जमीन आणि गोडाफॉस धबधबा पाहतात आणि संध्याकाळी जहाजावर परततात. माझं काम त्याच जातीचं. फक्त मी पाहुण्यांना अमरावतीत उतरवून घेतो आणि रात्री अकोल्यात त्याच गाडीत बसवतो. अकोला मुंबईच्या बाजूला, गाडी तिथं उशिरा येते, तेवढा वेळ हाती राहतो.

आज ठाण्याचे काका-काकू आणि त्यांची आठवीतली नात आहे. गिला वडा खातानाच काकांनी यादी काढली : भीमकुंड, देवी पॉइंट, हरिकेन, मोझरी, पंचबोल, शक्कर तलाव, बाग, गाविलगड.

"एवढं सगळं होईल ना दादा?"

"होईल काका, पण एकेका ठिकाणी दहा मिनिटं मिळतील. त्यापेक्षा तीन जागी नीट थांबू. चालेल?"

काका गप्प राहिले. काकू म्हणाल्या, "थांबू या."

या एका होकारावर माझा सगळा दिवस अवलंबून असतो. चिखलदऱ्याला लोक पॉइंट मोजायला येतात आणि धुक्याचे फोटो घेऊन जातात. पायाखालचा दगड कोणी बघत नाही, आणि तिथं बघण्यासारखं सगळ्यात मोठं तेच आहे.

आठ ते साडेनऊ

वलगाव, आसेगाव. दोन्हीकडे कपाशी, तूर, सोयाबीन. आसेगावजवळ पूर्णा ओलांडली. अचलपूर जवळ आलं, की उत्तरेला सातपुडा दिसतो, तोही चढत चढत येत नाही, भिंतीसारखा उभा राहतो. नातीनं विचारलं, इतका सपाट मुलूख एकदम कसा संपला?

इथं जमिनीला मोठी भेग आहे. भूगर्भशास्त्रात तिला गाविलगड भ्रंश म्हणतात. भेगेच्या उत्तरेचा भाग वर राहिला, दक्षिणेचा खचला. खचलेल्या खोलगटात पूर्णेनं आणि डोंगरातून उतरणाऱ्या नद्यांनी लाखो वर्षं गाळ आणून टाकला. आपण शेत म्हणून बघतो ते त्या गाळाचं वरचं तोंड. खाली शेकडो मीटर गाळच आहे.

परतवाड्यात डिझेल भरतो. घरी फोन करायचा तर इथूनच करा, असं सांगतो, कारण पुढं रेंजचा भरवसा नाही.

दहा, घाट

धामणगाव गढी सोडली, की चढ लागतो. मी दुसऱ्या गिअरवर येतो. जिथं रस्ता रुंद आहे आणि वरून दरड येण्याची भीती नाही, तिथं गाडी बाजूला घेतो. ही माझी पहिली जागा. हिला पॉइंट म्हणून नाव नाही.

समोरचा कडा लाव्ह्याच्या थरांचा आहे, एवढंच मी सांगतो. "पण ज्वालामुखी कुठाय?" नात विचारते. तिच्या डोळ्यांपुढं पुस्तकातला शंकूचा डोंगर.

शंकू नव्हताच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमीन लांबच लांब फाटली आणि फटींतून पातळ लाव्हा पसरत गेला. एक थर निवला, मध्ये काळ गेला, त्यावर दुसरा आला. असे कितीतरी. आजही हा दगड सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. घारापुरीची लेणी याच काळ्या दगडात कोरलेली आहेत. ठाण्याहून निघालेली ही माणसं रात्रभर प्रवास करून त्याच दगडाजवळ आली आहेत, हे सांगितलं की काका खिडकीकडून माझ्याकडे वळतात.

मग पेटी उघडतो. पहिला दगड ठोस, काळा, जड : थराच्या मधला. दुसरा भोकाभोकांचा : थराच्या माथ्याचा. लाव्ह्यातली वाफ आणि वायू वर चढले, निसटण्याआधी दगड गोठला आणि बुडबुड्यांच्या जागा तशाच राहिल्या. तिसऱ्या दगडात त्याच भोकांमध्ये पांढरे स्फटिक वाढलेले आहेत. पाणी झिरपत राहिलं, त्यातली खनिजं आत बसली. नात तिन्ही दगड आळीपाळीनं हातात घेते. मग समोरच्या कापलेल्या कड्याकडे बोट दाखवून म्हणते, "तो लाल पट्टा?" दोन लाव्ह्यांच्या मधल्या काळात वरचा दगड ऊनपावसानं कुजून त्याची माती झाली, पुढच्या लाव्ह्यानं ती भाजून काढली. एवढं तिला स्वतःहून दिसलं, तर धबधबा मला समजावून सांगावा लागत नाही.

साडेअकरा, भीमकुंड

भीमानं कीचकाला मारून या दरीत फेकलं आणि कुंडात हात धुतले, अशी कथा. म्हणून कीचकदरा, त्यावरून चिखलदरा. काकूंना ती माझ्यापेक्षा चांगली येते, त्याच सांगतात.

समोर काही नाही, नुसतं पांढरं. फक्त आवाज. शेजारच्या गाडीतली माणसं उतरली, "काहीच दिसत नाही" म्हणाली आणि निघून गेली. मी भुट्टे भाजून आणले. धुक्याला घाई करता येत नाही, पण दुपारच्या आत वारा बहुतेक एकदा तरी ते उचलतो. अर्धा तास गेला. काकांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मग दरी तळापासून उघडली आणि पाणी दिसलं.

नात मोजायला लागली. पाणी एका उडीत पडत नाही. ठोस थरावरून सुटतं, खालच्या मऊ थरावर आपटतं, तो पोखरत जातो, वरचा ठोस थर आधार गेल्यामुळे तुटतो, आणि धबधबा हळूहळू मागं सरकतो. सातपुड्यातल्या या कड्यांचं पाऊल असंच पडत आलेलं आहे. काकू कठड्याला टेकून नुसत्या बघत होत्या. दोन पोरं फोटोसाठी कठडा ओलांडून शेवाळलेल्या खडकावर गेली, तेव्हा मी ओरडून त्यांना माघारी बोलावलं. ती माझी गिऱ्हाइकं नसली तरी तिथं कोणालाही ओरडणं मी माझं काम समजतो.

दीड

झुणका, भाकर, ठेचा, वर चिखलदऱ्याची रबडी. इथल्या गवळ्यांचं दूध आणि खवा पूर्वीपासून नावाजलेला आहे. मग इथल्याच मळ्यातली कॉफी.

अडीच, गाविलगड

पावसात पायऱ्या निसरड्या, म्हणून काकूंसाठी काठी. तटाचा दगड डोंगराचाच, वेगळा आणावा लागला नाही. दक्षिणेला कडा सरळ तुटलेला, त्या बाजूनं फौज चढणं अशक्य. उत्तरेला मात्र किल्ला पठाराला जोडलेला आहे. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी हेच हेरलं. स्टीव्हन्सनच्या फौजेनं डोंगरातून वाट काढत तोफा उत्तरेला ओढत नेल्या, आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंह लढताना मारला गेला. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. पुढं वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा तोच. शौर्य दोन्हीकडे होतं, पण निकाल बराचसा दगडाच्या उतारानं ठरवला, असं मला तटावर उभं राहिलं की प्रत्येक वेळी वाटतं.

काकांनी यादी पुन्हा काढली नाही.

साडेचार ते साडेसात

अंधाराच्या आत घाट उतरायचाच. परतवाड्याहून अंजनगाव-सुर्जी. गाविलगड पडल्यावर पंधरा दिवसांनी, ३० डिसेंबरला, शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला तो इथला. पुढं अकोट. उजव्या हाताला सातपुडा मागं पडत जातो आणि आपण खारपाणपट्ट्यात शिरतो.

चोहोट्टा बाजारला चहा. टपरीवाल्या भाऊंना नातीनं विहिरीबद्दल विचारलं.

"विहीर हाये ना माय, पन पानी तोंडात नाई घेववत. खारं हाये. नळाले वानचं पानी येते, तेच पेतो."

वान म्हणजे मेळघाटातून उतरणारी नदी, तिच्यावरचं धरण. सकाळी सांगितलेल्या गाळात मुरलेलं पाणी खारट आहे, म्हणून या गावांना डोंगरातलं पाणी नळानं आणावं लागतं. वान, शहानूर, चंद्रभागा या दक्षिणेला उतरून पूर्णेला मिळतात. उत्तरेचं पाणी सिपनेतून तापीला जातं, आणि शेवटी पूर्णाही तापीलाच मिळते. डोंगरावर पाऊस कमी झाला, की या टपरीवरच्या हंड्याला कळतं. धबधबा बघून थेट स्टेशनवर नेता येतं, रस्ताही सोपा पडतो. पण हा चहा न पाजता कोणाला गाडीत बसवायला माझं मन घेत नाही.

गांधीग्राम-गोपालखेडच्या बाजूला पुन्हा पूर्णा. श्रावणात इथलं पाणी कावडीनं खांद्यावरून अकोल्याच्या राजराजेश्वराला जातं. रविवारी रात्री रस्ता शिवभक्तांचा असतो, त्या दिवशी मी या वाटेची सहल घेत नाही.

आठ, अकोला

जेवण, हिशेब, सामान फलाटावर. नातीनं वहीत कड्याचं चित्र काढलं आहे, लाल पट्ट्यासकट. पट्टा जरा जाड झालाय, तो मी बोटानं दाखवून दुरुस्त करून घेतला.

गाडी आली, ते बसले. बाहेर आलो तर उद्याच्या पाहुण्यांचा फोन. "किती पॉइंट दाखवता?"

"तीन. त्यातला एक घाटात, त्याला नाव नाही. रेनकोट आणा, बूट रबरी तळाचे घाला. सातला अमरावती स्टेशनबाहेर उभा असतो."