छोट्या पटावरचा गो आणि संगणक

गो हा चीनमध्ये जन्मलेला आणि जपान-कोरियात रुजलेला खेळ १९ उभ्या आणि १९ आडव्या रेघांच्या पटावर खेळतात. काळ्या-पांढऱ्या सोंगट्या घरांत न ठेवता रेघा जिथे छेदतात त्या ३६१ बिंदूंवर ठेवल्या जातात. एकदा ठेवलेली सोंगटी पुढे सरकत नाही. मात्र एखाद्या सोंगटीच्या किंवा जोडलेल्या सोंगट्यांच्या गटाच्या लगतचे सगळे मोकळे बिंदू प्रतिस्पर्ध्याने बुजवले, तर तो गट पटावरून उचलला जातो. अखेरीस ज्याच्या ताब्यात जास्त जागा तो जिंकतो. नवशिके आणि घाईत असलेले खेळाडू १३×१३ किंवा ९×९ चा पट घेतात. संगणकाला गो शिकवू पाहणारे मात्र त्याहूनही खाली, ७×७, ५×५, अगदी २×२ पर्यंत उतरले आहेत, आणि या खेळाविषयी पक्के असे जे काही माहीत आहे त्यातले बरेचसे तिथेच सापडले आहे.

मोठ्या पटाची अडचण दुहेरी आहे. पहिली निव्वळ संख्येची. १९×१९ च्या पटावर नियमाला धरून होऊ शकणाऱ्या मांडण्यांची नेमकी संख्या जॉन ट्रॉम्प यांनी २०१६ मध्ये काढली. ती १७१ अंकी आहे. दुसरी अडचण जास्त खोल आहे. बुद्धिबळात वजीर, हत्ती, प्यादी यांचे गुण मोजले की कोणाची बाजू वरचढ आहे याचा ढोबळ अंदाज येतो, आणि प्रोग्राम काही चाली पुढे पाहून तिथे हा हिशेब मांडतो. गोमध्ये असा झटपट हिशेब नाही. पंधरा सोंगट्यांचा भरभक्कम दिसणारा गट आधीच मेलेला असू शकतो. गट कायमचा जिवंत राहण्यासाठी त्याच्या आत दोन स्वतंत्र मोकळ्या जागा लागतात. खेळाडू त्यांना डोळे म्हणतात. एकच डोळा असेल तर बाहेरून वेढा पूर्ण करून शत्रू तिथे शेवटची सोंगटी टाकतो आणि गट उचलतो. दोन डोळे एकाच चालीत बुजवता येत नाहीत. असे डोळे पुढे होतील की नाही हे ठरवायला कधी कधी वीस चाली पुढचे पाहावे लागते.

पट लहान केला की पहिली अडचण आटोक्यात येते. एडवर्ड थॉर्प आणि विल्यम वॉल्डन यांनी १९६०च्या दशकातच अगदी चिमुकल्या पटांचा अभ्यास संगणकाच्या मदतीने केला. हे थॉर्प म्हणजे ब्लॅकजॅकमध्ये कॅसिनोवर मात करण्याची गणिती रीत पुस्तकातून मांडणारेच. पुढे १९७० मध्ये आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी एक साधी पण फार कामाची युक्ती प्रसिद्ध केली. प्रत्येक बिंदूवरच्या काळ्या आणि पांढऱ्या सोंगटीला एकेक यादृच्छिक आकडा द्यायचा आणि पटावर असलेल्या सगळ्या सोंगट्यांचे आकडे एकमेकांत मिसळून मांडणीची एक ओळखखूण बनवायची. तीच मांडणी वेगळ्या क्रमाने पुन्हा समोर आली तर प्रोग्राम ती खुणेवरून ओळखतो आणि आधीचे उत्तर वापरतो. आज बुद्धिबळाचे जवळपास सगळे प्रोग्राम हीच युक्ती वापरतात.

गोमध्ये मात्र तिला एक खोच आहे. नुकतीच एक सोंगटी उचलली गेली असता प्रतिस्पर्ध्याने लगेच ती चाल उलटवून आधीचीच मांडणी आणायची नाही, असा ‘को’ नावाचा नियम आहे. त्याचे कडक रूप असे की डावात पूर्वी येऊन गेलेली कोणतीही मांडणी पुन्हा आणता येत नाही. त्यामुळे पट हुबेहूब तोच असला तरी तिथवर कोणत्या वाटेने आलो यावर पुढच्या वैध चाली बदलतात, आणि साठवलेले उत्तर चुकीचे ठरू शकते. लहान पटावर जागा कमी आणि उचलाउचल जास्त, म्हणून हा प्रश्न तिथेच अधिक छळतो. २×२ च्या पटावर बिंदू अवघे चार आणि वैध मांडण्या ५७. पण कडक नियमाने खेळले तरी तिथे होऊ शकणाऱ्या वेगवेगळ्या डावांची संख्या ३८,६३५ कोटींच्या वर जाते. ५×५ वरच्या वैध मांडण्या साधारण तेवढ्याच, म्हणजे ४१,४२९ कोटी आहेत.

हा ५×५ चा पट २००२ मध्ये सुटला. ‘सुटला’ म्हणजे दोन्ही बाजूंनी निर्दोष खेळ झाला तर निकाल काय, हे सिद्ध झाले. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात एरिक व्हॅन डर वेर्फ यांनी ‘मिगोस’ हा प्रोग्राम त्यासाठी रचला. चालींचा शोध बुद्धिबळातलाच होता: जी फांदी निकाल बदलू शकत नाही ती पुढे तपासायचीच नाही. भर होती ती गोच्या ज्ञानाची. पट फिरवून किंवा आरशात पाहून सारख्या ठरणाऱ्या आठ मांडण्या एकच धरल्या, आशादायक चाली आधी तपासल्या, आणि जो गट काही झाले तरी मरणार नाही तो आधीच ओळखून त्याचा प्रदेश हिशेबात धरला. या शेवटच्या गोष्टीने शोधाची खोली बरीच वाचते. निकाल असा की काळ्याने पहिली सोंगटी मध्यबिंदूवर ठेवली तर पटाचे पंचवीसही बिंदू त्याचे होतात. पांढऱ्याला कुठेही दोन डोळे करता येत नाहीत.

इतर आकारांचे निकाल शेजारी ठेवले की गंमत कळते. ३×३ वरही मध्यबिंदू घेणारा काळा सगळे नऊ बिंदू जिंकतो. ४×४ वर मात्र त्याची आघाडी फक्त दोन गुणांची. सम आकाराच्या पटाला मध्यबिंदूच नसतो, त्यामुळे पहिल्या चालीने चारही बाजूंवर सारखा वचक बसत नाही. पट थोडा वाढवला की खेळ थोडाच अवघड होतो, असे इथे घडत नाही. एका रेघेच्या फरकाने खेळाचे स्वरूपच पालटते. २००९ मध्ये व्हॅन डर वेर्फ आणि मार्क विनांड्स यांनी तीस बिंदूंपर्यंतचे आयताकृती पट सोडवले, त्यात ५×६ आला.

९×९ वर वैध मांडण्या एकावर ३८ शून्ये इतक्या, म्हणजे सगळे तपासण्याचा मार्ग बंद. तिथे उपयोगी पडली ती पहिल्यांदा ऐकताना वेडगळ वाटणारी कल्पना. १९९३ मध्ये बेर्न्ड ब्रुगमान यांनी ‘गॉबल’ नावाच्या प्रोग्रामला ९×९ च्या पटावर जवळपास यादृच्छिक चाली टाकत डाव शेवटपर्यंत खेळायला लावले. असे असंख्य डाव झाले की कोणत्या चालीने सुरू झालेले डाव जास्त जिंकले जातात ते पाहायचे. अर्ध्यावर पट जोखण्याची कटकट यात उरतच नाही. डाव संपला की गुण मोजणे सोपे असते. एकच ज्ञान आधी द्यावे लागते, ते म्हणजे आपलाच डोळा आपण बुजवायचा नाही. ते दिले नाही तर दोन्ही बाजू आपापले जिवंत गट मारत बसतात आणि डाव संपत नाही.

गॉबल बेताचाच खेळे, आणि कल्पना बारा-तेरा वर्षे मागेच राहिली. २००६ मध्ये फ्रान्सचे रेमी कुलोम यांनी तिला चालींच्या वृक्षाशी जोडले. यादृच्छिक डाव सगळ्या चालींना सारखे न वाटता, चांगल्या दिसणाऱ्या चालींना अधिक आणि कमी पारखलेल्यांना अधूनमधून संधी द्यायची. मग वृक्ष आशादायक बाजूलाच खोल वाढतो. त्यांचा ‘क्रेझी स्टोन’ त्याच वर्षी तुरीनच्या संगणक ऑलिंपियाडमध्ये ९×९ चा विजेता ठरला. कोणत्या फांदीला किती संधी द्यायची याचे नेमके सूत्र लेव्हेंटे कोचिश आणि चाबा सेपेश्वारी यांनी त्याच वर्षी मांडले. २००९ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठात तयार झालेल्या ‘फ्युएगो’ने ९ दान या सर्वोच्च दर्जाचे तैवानी खेळाडू चौ चुन-श्युन यांना ९×९ वर बरोबरीच्या डावात हरवले. मार्च २०१६ मध्ये सोल इथे ‘अल्फागो’ या प्रोग्रामने १९×१९ वर कोरियाचे नामवंत खेळाडू ली सेडोल यांना ४-१ असे हरवले, तेव्हा त्याच्या आतही हाच वृक्ष होता, पट जोखण्याचे आणि चाल सुचवण्याचे काम तेवढे न्यूरल नेटवर्ककडे आले होते. २०१९ मध्ये आलेला ‘काटागो’ ९×९ पासून १९×१९ पर्यंतचे सगळे पट एकाच नेटवर्कने खेळायला शिकला.

माणसाला हरवणे आणि पट सोडवणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. ६×६ वर काळा चार गुणांनी जिंकतो असे मानले जाते. ७×७ विषयी चीनचे व्यावसायिक खेळाडू ली चे यांनी २०१५ मध्ये सविस्तर विश्लेषण करून काळ्याची आघाडी नऊ गुणांची ठरवली. प्रोग्रामही त्याच आकड्याकडे बोट दाखवतात, पण प्रत्येक प्रतिचाल तपासून झालेली सिद्धता त्यामागे नाही.