थळसमोरची खांदेरी

थळच्या पुळणीवर संध्याकाळी उभं राहिलं की समुद्रात दोन बेटं दिसतात. जवळचं, पाण्यालगत पसरलेलं ते उंदेरी. त्याच्यापलीकडे दोन टेकाडांचं, माथ्यावर दीपगृह मिरवणारं बेट म्हणजे खांदेरी. बाहेरच्या माणसाला थळ ठाऊक असतं ते खत कारखान्यामुळे. अलिबागला आलेला प्रवासी ओहोटी साधून कुलाबा किल्ला बघतो आणि परत फिरतो. खांदेरीकडे वळणारे थोडेच.

म्हणूनच ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा रायगड, राजगड, प्रतापगडाच्या पंक्तीत हे नाव वाचून अनेकांना नवल वाटलं. थळकरांना नवल वाटायचं कारण नव्हतं. या किल्ल्याचा पहिला दगड बसला तेव्हापासून त्याची शिदोरी थळच्या किनाऱ्यावरून गेली आहे.

खांदेरीचं मोल तिच्या जागेत आहे. मुंबई बंदराच्या तोंडाशी, दक्षिणेच्या वाटेवर हे बेट आहे. इथे ज्याच्या तोफा, त्याची नजर मुंबईत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर. मुंबईत इंग्रज आणि जंजिऱ्यात सिद्दी. दोघांच्या मधोमध शिवाजी महाराजांना ठाणं हवं होतं. १६७२ मध्ये केलेला प्रयत्न या दोघांच्या विरोधामुळे सोडावा लागला. सात वर्षांनी महाराजांनी तो पुन्हा हाती घेतला.

१६७९ च्या ऑगस्टअखेरीस मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार लहान तोफा घेऊन बेटावर उतरला. पावसाळा पुरता सरला नव्हता. माणसं दगड रचू लागली. बेट आमचं आहे, निघून जा, असा इंग्रजांचा निरोप आला. धन्याच्या हुकुमाशिवाय हलणार नाही, असं मायनाकने कळवलं. सप्टेंबरात फ्रान्सिस थॉर्प हा इंग्रज अधिकारी मोजक्या शिपायांनिशी बेटावर चढायला गेला आणि कंबरेएवढ्या तटाआडून झालेल्या माऱ्यात ठार झाला.

१८ ऑक्टोबरला मोठी गाठ पडली. नागावकडून दौलतखानाचं आरमार निघालं आणि वेढा घालून बसलेल्या इंग्रजी ताफ्यावर चालून गेलं. इंग्रजांची ‘डोव्हर’ ही गुराब मराठ्यांच्या हाती लागली. कॅप्टन कीग्विन ‘रिव्हेंज’ या मोठ्या जहाजावरून झुंजत राहिला, म्हणून बाकीचा ताफा निभावला.

पण खांदेरी टिकली ती या एका दिवसामुळे नव्हे. इंग्रजांची जहाजं मोठी आणि खोल बुडाची, त्यांना वाऱ्याची आणि पाण्याच्या खोलीची गरज. मराठ्यांच्या होड्या उथळ आणि हलक्या. खडपांमधून वाट काढत, वारा पडला तर वल्ह्यांवर, अंधाराचा आडोसा घेऊन त्या थळहून धान्य, दारूगोळा आणि माणसं पोचवत राहिल्या. पहारा डोळ्यांत तेल घालून चालू होता, तरी या होड्या हाती लागत नाहीत, अशी तक्रार मुंबईच्या इंग्रजांनी सुरतेला लिहिलेल्या पत्रांत आहे. वेढा चालू असतानाच तट चढत गेला. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने शेजारचं उंदेरी घेऊन तिथे तोफा बसवल्या, पण खांदेरी हलली नाही. अखेर इंग्रज तह करून मागे गेले. पुढे १७१८ मध्ये त्यांनी पुन्हा मोठी मोहीम काढली, तेव्हा बेट कान्होजी आंग्र्यांकडे होतं. तीही फसली.

१८१८ नंतर किल्ल्याचं काम संपलं. १८६७ मध्ये इथे दीपगृह उभं राहिलं आणि खलाशांना बेट दिव्यासाठी ओळखीचं झालं. पुढे त्याचं सरकारी नावही कान्होजी आंग्रे बेट झालं. रणाची आठवण मागे पडली. ती परत आली ती शत्रूच्याच दप्तरातून. पुण्याच्या शिवचरित्र कार्यालयाने १९३१ मध्ये शिवकालीन इंग्रजी पत्रं एकत्र छापली. त्यांतल्या तारखा, जहाजांची नावं आणि रडगाणी जुळवली की खांदेरीचा वेढा दिवसागणिक डोळ्यांपुढे उभा राहतो.

बेटावर उतरलं की कागदातलं दगडात भेटतं. तटाच्या बाहेर पाण्याच्या बाजूला सुट्या दगडांची रास आहे. लाटेचा जोर तिथे मोडतो, आणि कालवांच्या धारदार कवचांनी मढलेल्या त्या दगडांवर पाय ठरत नाही. चाकांच्या लोखंडी गाड्यांवर तोफा अजून उभ्या आहेत. एका खडकावर दगडाने ठोका दिला की भांड्यासारखा नाद येतो. आणि कोळ्यांचा वेताळ आहे, पांढरा रंग दिलेल्या मोठ्या शिळेच्या रूपात. किल्ला इतिहासाच्या पुस्तकांत कोपऱ्यात पडला होता, तेव्हाही कोळ्यांच्या होड्या या देवासाठी इथे लागत होत्या. बेटाशी माणसांचं नातं त्यांनी तुटू दिलं नाही.

आता वारशाची मोहर उमटली आहे. पर्यटक येतील, धक्का सुधारेल, पाट्या लागतील. हे सगळं व्हावंच. पण थळच्या किनाऱ्यावर खुबलढा किल्ल्याचे बुरूज ढासळत आहेत, त्यांच्याकडेही कुणी बघायला हवं. खांदेरी एकटी लढली नाही, या किनाऱ्याच्या आधाराने लढली. मायनाक भंडारी आणि दौलतखान यांची नावं आपल्याला मिळाली. ज्यांनी रात्री वल्ही मारली, त्यांचं नाव कुठल्या बुरुजावर कोरलेलं नाही. त्यांच्या गावाचं तरी कोरता येईल. खांदेरीच्या धक्क्यावर जी पाटी लागेल, तिच्या पहिल्या ओळींत थळ हा शब्द असावा.