धप्प!

खामगावचं जिनिंग-प्रेसिंग पाहिलंय का कधी? सरकी काढलेली रुई दाबून दाबून तिची गाठ बांधतात. एक गाठ साधारण 170 किलोची! अशी एखादी गाठ ढिगावरून घसरली आणि दोन मीटर खाली आली... धप्प! फरशीवर किती जोर बसला? 170 किलोचाच ना? छे!

सगळी गंमत थांबण्यात आहे. चेंडू झेलताना तुम्ही हात मागे घेता ना? गाठही पडताना तशीच दबते. समजा, 10 सेंटीमीटर दबून थांबली, तर जोर तिच्या वजनाच्या 21 पट, म्हणजे साडेतीन टनांहून जास्त! आणि तेवढ्याच वजनाचा लोखंडी ठोकळा पडला तर? तो कुठला दबतोय! एका सेंटीमीटरात थांबला, तर 201 पट. 34 टन! अगदी क्षणभर, पण स्लॅब फुटायला तेवढा क्षण पुरतो.

मला खरं नवल वाटतं ते स्लॅबच्या खालच्या बाजूचं. काँक्रीट दाब सोसण्यात पहिलवान, पण ताणलं की लगेच हार मानतं; ताण सोसायची ताकद जेमतेम दहावा हिस्सा. घाव बसला की दाबाची लाट खाली धावते, तळाशी पोचून उलटी फिरते आणि फिरताना ताण बनते. वर नुसता खळगा दिसतो, खाली मात्र खपल्या कोसळतात! म्हणून इंजिनिअर वरही आणि खालीही सळ्यांची जाळी घालतात, दोन्ही जाळ्या उभ्या रिंगांनी जखडतात. वर वाळूचा थर किंवा लाकडी ओंडके टाकले की पडणाऱ्याला थांबायला जागा मिळते. आणि जमिनीवरची फरशी असेल, तर खालचा मुरूम धुमसून घट्ट हवा. पोकळी राहिली की तडा गेलाच.

पण आपल्या बुलढाणा जिल्ह्यात एक फरशी अशी फुटलीय की बस! लोणारला. फरशी काळ्या बेसाल्टची, आणि वरून आला आकाशातला पाषाण, सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं. खड्डा पडला सुमारे 1.8 किलोमीटर रुंद! दाब एवढा, की खडकातल्या एका खनिजाची न वितळताच काच झाली. तिचं नाव मास्केलिनाइट. ती सापडली, म्हणूनच हे विवर ज्वालामुखीचं नाही हे पक्कं झालं.

लोणारला गेलात की आधी कडेचा खडक बघा. एरवी आडवे असणारे त्याचे थर तिथे वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले दिसतात.